यंत्राचे मौन

चित्रांवर टिचकी न मारता संगणकाला लेखी आज्ञा देण्याची विद्या मी सध्या चित्रफितींवरून, सवडीने शिकत आहे. लिनस तोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेली ही लिनक्स प्रणाली. चित्रफितीतले गुरुजी रागावत नाहीत; मागे फिरविले की तेच शब्द दहादा सांगतात. मात्र त्यांना शंका विचारता येत नाही. ती स्वतः आज्ञा लिहूनच फेडावी लागते. ‘आरएम’ या दोन अक्षरांनी फाईल नाहीशी होते, मध्ये केराची टोपली नसते; म्हणून आधी ‘पीडब्ल्यूडी’ लिहून आपण कोठे उभे आहोत हे पाहावे. चूक झाली तर यंत्र बोलते. काम फत्ते झाले की बहुधा गप्पच राहते. प्रार्थनेनंतरच्या शांततेने मी पुष्कळदा खिन्न झालो आहे. मौन म्हणजे नकारच असे नव्हे, एवढे आता मनाला सांगता येते.