इकडून तिकडे

आमच्या शाळेत मी चित्रकला शिकवतो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; पुढे हात जो रंगात बुडाला तो बुडालाच. पण अक्षर वळणदार, म्हणून शाळेने आणखी एक काम माझ्या गळ्यात घातले आहे. मुलगा शाळा सोडून चालला की जनरल रजिस्टरातली त्याची नोंद मी पुरी करायची आणि दाखला तयार करायचा. दाखला आता यंत्रातून छापून निघतो, रजिस्टर मात्र अजून हातानेच लिहितो. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, मातृभाषा, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण. वर्तणुकीच्या रकान्यात मी आजवर ‘चांगली’ याखेरीज दुसरा शब्द लिहिलेला नाही. जाणाऱ्याची वर्तणूक नेहमी चांगलीच असते.

या कागदावर काय मावते आणि काय मावत नाही, याचा विचार लिहिता लिहिता मनात येतोच. जन्मतारीख मावते. पोरगा हत्ती काढताना सोंडेपासून सुरुवात करतो आणि शेवटी शेपटीला जागा उरत नाही, हे मावत नाही. नव्या शाळेत तो जन्मतारीख घेऊन जातो. हत्ती तिथे पुन्हा पहिल्यापासून काढावा लागतो.

संगणकावरच्या खेळांतही माणसे अशीच एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवावी लागतात आणि तिथेही नेमका हाच प्रश्न उभा राहतो, हे मला माझ्या मुलीने आणि पुतण्याने शिकवले. मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. यंत्राचे मला वावडे नसले तरी प्रेमही नाही. पण ही हकीकत खेळापुरती राहिली नाही, म्हणून दिवाळीच्या निवांतपणात आपल्याला सांगावीशी वाटते.

२०२० साली टाळेबंदीत सारे घरात कोंडलेले. आम्ही दोघे भाऊ तेव्हा एकत्र होतो. पुतण्याने घरातल्या एकुलत्या एका संगणकावर माइनक्राफ्ट नावाच्या खेळाचे जग मांडले. स्वीडनमध्ये जन्मलेला हा खेळ २०११ साली पूर्णत्वाने बाजारात आला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो करणारी कंपनीच अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. एवढे मोल कशाचे, म्हणाल, तर चौकोनी ठोकळ्यांचे! ठोकळे खणायचे आणि ठोकळे रचायचे. अनेकांनी मिळून खेळायचे तर ते जग एका संगणकावर नांदावे लागते. त्याला सर्व्हर म्हणतात. मुलांनी त्या जगात आमचाच वाडा बांधला. तुळशीवृंदावन, माजघर, विहीर, सारे काही. माझी आई चष्मा लावून पडद्यासमोर बसे आणि सांगे, “अरे, कोनाडा राहिला की!” मग कोनाडा होई.

२०२१ मध्ये आमच्या वाटण्या झाल्या. कशा झाल्या ते इथे सांगत नाही. ज्यांच्या घरी झाल्या आहेत त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्या घरी झाल्या नाहीत त्यांना सांगून सणाचा विरस कशाला करा. वाड्याच्या मधोमध भिंत उभी राहिली. दादांशी माझे बोलणे थांबले. संगणक दादांकडे गेला. आई वर्षातून दोनदा भिंतीच्या या बाजूची त्या बाजूला होऊ लागली. पाडव्याला तिकडे, दसऱ्याला इकडे.

आणि मुलांचे जग? पुतण्याने एका संध्याकाळी सगळे जग एका बोटभर लांबीच्या काडीत उतरवले आणि काडी माझ्या मुलीच्या हातात ठेवली. आम्ही तिच्यासाठी एक जुना संगणक आणला, त्यावर तेच जग उभे राहिले. तीच विहीर, तोच कोनाडा, पेटीत तेवढेच हिरे. माझ्या पाहण्यातली ही एकच वाटणी, जीत दोघांनाही सगळे मिळाले.

अशा एकासारख्या एक जगांची कल्पना जुनी आहे. १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’ नावाचा खेळ निघाला, तेव्हा एका सर्व्हरवर सारे खेळणारे मावेनात, म्हणून अनेक सर्व्हरांवर एकाच ब्रिटानिया देशाच्या प्रती कराव्या लागल्या. त्याला त्या लोकांनी मोठी गोड कथा जोडली. मोंडेन नावाच्या दुष्ट जादूगाराचे अमरत्वाचे रत्न फुटले आणि त्याच्या प्रत्येक तुकड्यात अख्खा देश प्रतिबिंबित होऊन राहिला! तेव्हापासून अशा सर्व्हराला ‘शार्ड’, म्हणजे तुकडा, म्हणू लागले. रत्न फुटावे आणि प्रत्येक तुकड्यात अख्खे घर दिसत राहावे, ही गोष्ट भिंतीच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या माणसाला सांगितली तर तो घटकाभर गप्प बसतो.

पण जगे दोन झाली की ती हळूहळू निराळी होतात. तिकडच्या वाड्याला पुतण्याने माडी चढवली. इकडे मुलीने विहिरीशेजारी मळा केला. मग एकमेकांकडे जाण्याची ओढ लागली. पुतण्याने कौलांखालून एक निळी तार भिंतीपलीकडून इकडे सोडली. वडीलधाऱ्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण वडीलधारे एकमेकांना विचारीत नव्हते.

एका सर्व्हरवरचा खेळणारा दुसऱ्यावर जातो कसा, हे मी मुलीकडून तीन वेळा समजून घेतले. मध्ये एक द्वारपाळ ठेवतात. त्याला प्रॉक्सी म्हणतात. बंजीकॉर्ड, व्हेलॉसिटी अशी त्याची नावे. खेळणारा हात देतो तो द्वारपाळाच्या हाती, आणि द्वारपाळाचा दुसरा हात ज्या सर्व्हरच्या हाती असेल ते जग खेळणाऱ्याला दिसते. ‘तिकडे जायचे’ अशी आज्ञा दिली की द्वारपाळ एका जगाचा हात सोडून दुसऱ्याचा धरतो. खेळणाऱ्याला कळतसुद्धा नाही. क्षणभर पडदा येतो आणि तो दुसऱ्या वाड्यात उभा! १९६२ साली ‘तो मी नव्हेच’ रंगभूमीवर आले त्या वेळच्या फिरत्या रंगमंचाची वर्णने मी वडिलांकडून ऐकली होती. प्रेक्षक खुर्चीतच, मागचा देखावा मात्र निराळा. तसेच हे.

मात्र माणूस कोण, याची चौकशी द्वारपाळाने एकदाच दारात करायची असते. आतले सर्व्हर ती करीत नाहीत, द्वारपाळाच्या शब्दावर विश्वास ठेवतात. म्हणून मागच्या दाराला कडी हवी. नाही तर कुणीही येऊन सांगेल, मीच तुमचा पुतण्या, आणि घर त्याला आत घेईल.

२०२४ च्या एप्रिलपासून या खेळात द्वारपाळाशिवायची रीतही आली आहे. सर्व्हर खेळणाऱ्यालाच पत्ता देतो, जा बाबा तिकडे, आणि बरोबर एक लहानशी चिठ्ठीही देतो. नव्या सर्व्हरने अशा आलेल्यांना घ्यायचे असे आधी ठरवलेले नसेल तर दार उघडत नाही. म्हणजे थेट आमचा दाखलाच झाला! तरीही मुलांना द्वारपाळच बरा वाटला.

पुढची अडचण सामानाची. या खेळात माणसाजवळ छत्तीस खणांची झोळी असते. शिवाय अंगावरचे चिलखत. कुठे किती काय आहे, भूक किती, प्रकृती किती, ही सारी नोंद ज्या त्या जगाच्या वहीत असते. द्वारपाळ माणूस नेतो, झोळी नेत नाही! मुलगी पहिल्यांदा तिकडे गेली तेव्हा तिथल्या वहीत तिची जी जुनी नोंद होती ती तिच्या अंगावर चढली. वाटणीच्या दिवशी हातात होती तीच लाकडी कुऱ्हाड, तेच अर्धे पोट. मला हे ऐकून हसू आले. माहेरी गेलेल्या बाईला तिथे लहानपणीचीच समजतात, तसे.

मग दोघांनी मिळून एक सामायिक वही केली. जाताना जुन्या सर्व्हरने तिच्यात झोळी लिहायची, पोचल्यावर नव्याने वाचायची. दोन दिवस सारे सुरळीत चालले. तिसऱ्या दिवशी मुलीने सोळा हिरे इथल्या पेटीत ठेवले आणि लगेच तिकडे उडी घेतली. इथल्या सर्व्हरचे लिहून व्हायचे होते, तोच तिथल्याने वाचले. वाचले ते अर्थातच जुने. त्यात हिरे अजून तिच्या हातात. परिणाम असा, की सोळा पेटीत आणि सोळा हातात! उलटा क्रम पडला असता तर सोळाचे शून्यही झाले असते.

अशी दुहेरी नोंद मला नवी नव्हती. एका मुलाचे नाव दोन शाळांच्या पटावर असणे हे आमच्या खात्याचे जुने दुखणे आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा एकच मूल दोनदा मोजले जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटांना मतदारांसारखी शाई लावली होती. बिचारी पोरे दिवसभर ती बोटे मिरवीत होती.

मुलांनी हिऱ्यांवर तोड काढली. जुन्याने आधी लिहायचे. लिहून झाले की ‘सोडले’ अशी खूण करायची. ती खूण दिसेपर्यंत नव्याने वाचायचे नाही, खेळणाऱ्याला दारातच थांबवायचे. दोन-तीन क्षण जातात. पण जिन्नस एकच राहतो.

ह्याच सुमारास पाडवा आला. आई सकाळी इथे चहा घेऊन, रक्तदाबाची गोळी घेऊन, देवांची पेटी आणि पानाचा डबा बरोबर घेऊन तिकडे गेली. वहिनींनी सुनेच्या कर्तव्याने तिला गोळी दिली. आईने घेतली, दिलेले परत करायची तिला सवय नाही. दुपारी तिला उठताना भोवळ आली आणि ती माजघराच्या उंबऱ्याशी बसली. डॉक्टर येऊन गेले. तसे फार झाले नाही. विचारपूस झाली तेव्हा उलगडा झाला, की गोळी दोनदा पोटात गेली आहे.

त्या संध्याकाळी मुलगी माझ्याजवळ आली. म्हणाली, “बाबा, आजीचं हिऱ्यांसारखं झालं.”

मी काय बोलणार!

दुसऱ्या दिवशी दोघा मुलांनी दोनशे पानी वही आणली. वर नाव घातले, ‘आजी’. आत रकाने पाडले. तारीख, गोळ्या, जेवण, दुखणे, बरोबर दिलेले सामान, आणि शेवटी ‘सोडले’ व ‘घेतले’ अशा सह्यांच्या दोन जागा. नियम मोठ्या अक्षरात पहिल्या पानावर लिहिला होता. सही झाल्याशिवाय आजी उंबरा ओलांडणार नाही आणि पलीकडच्यांनी वही वाचल्याशिवाय तिला काही देणार नाहीत. आईला हे भारी आवडले. “मी काय टपालाचं पार्सल आहे का रे?” असे ती म्हणाली खरी, पण दसऱ्याला सही राहिली होती तेव्हा तिनेच पाट घेऊन दारात बसकण मारली.

ती वही आता तीन वर्षांची आहे. ‘सोडले’ खाली कधी माझी सही, कधी दादांची. दादांचे अक्षर माझ्याहून चांगले आहे. लहानपणी मी त्यांचेच पाहून गिरवले. पहिल्या वर्षी त्यांनी ‘गोळी दिली’ एवढेच लिहिले होते. पुढच्या वर्षी लिहिले, ‘डावा गुडघा रात्री दुखतो, सांगत नाहीत, कण्हल्या की समजावे.’ मी पाडव्याला लिहिले, ‘चष्म्याची काडी सैल होती, बदलून घेतली. भजनाला मंगळवारी नेतो.’ कादंबरीत एखादे पात्र एका प्रकरणातून दुसऱ्यात नेताना त्याच्या हातातली छत्री आठवणीने न्यावी लागते. तेवढीच काळजी दोन्हीकडून घेतलेली या वहीत दिसते. तोंडाने बोललो असतो तर यातले निम्मेही एकमेकांना सांगितले नसते, असे सौ. म्हणतात. त्यांचे खरे असेल.

या दसऱ्याला आई इकडे आली. वही पुतण्याने आणून दिली. तो आता पॉलिटेक्निकला आहे. मिशा फुटल्या आहेत, तरी तारेवरून अजून रोज रात्री इकडे येतोच. मी पान उघडले. गोळ्या दोन्ही वेळच्या, नावे बदललेली नाहीत. चकली दातांना सोसत नाही, करंजी द्यावी. शाल पेटीच्या तळाशी आहे. सही.

सहीच्या खाली आणखी एक ओळ होती; तिला रकाना नव्हता.

‘मुलांची तार जिथून गेली आहे, तिथली तुमच्या अंगाची दोन कौले सरकली आहेत. परतीचा पाऊस अजून आहे.’

मी शिडी लावून कौले बसवली आणि तारेला वाट ठेवली. मग खाली येऊन ‘घेतले’ च्या खाली सही केली.