अम्मीचे १५ किलो

काश्मीरला जायचं ठरल्यावर घरात पहिलं भांडण झालं ते जॅकेटांवरून. आम्ही पाच जण. मी, बायको, थोरली, धाकटा आणि अम्मी. दिवाळीची सुट्टी, पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून श्रीनगर. देशातल्या देशात साध्या तिकिटावर माणशी १५ किलो सामान विमानाच्या पोटात जातं आणि ७ किलोची एक बॅग हातात. आमची पाचही तिकिटं एकाच पीएनआरवर होती, म्हणजे काउंटरवर सगळ्यांचं वजन एकत्र धरणार. ७५ किलो. ऐकायला भरपूर वाटतं, पण थंडीचे कपडे काढायला लागलं की समजतं.

हिंजवडीत आयटीत पोट भरणारा माणूस अशा वेळी काय करतो? एक्सेल शीट उघडतो. मीही उघडली. प्रत्येकाच्या नावाचा रकाना केला. अम्मीच्या रकान्यात साडेचार किलो आले. तीन जोड कपडे, शाल, जानमाज, औषधांचा डबा आणि प्लास्टिकचा बदना. बदना कशाला, हे आमच्यातल्या वाचकांना सांगायला नको. इतरांनी हॉटेलच्या बाथरूममध्ये नुसता कागदाचा रोल बघून हिरमुसलेला चेहरा डोळ्यांसमोर आणावा.

अम्मीचे उरलेले साडेदहा किलो आम्ही चौघांनी वाटून घेतले. तिला विचारलं नाही. विचारायचं असतं हे सुचलंच नाही. उलट, अम्मी बरोबर आहे म्हणून बरं, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा.

एरवी आमच्या सहलीत निम्मं वजन खाण्याचं असतं. मनालीला गेलो होतो तेव्हा छोटा कुकर, तांदूळ, मूगडाळ, सगळं नेलं होतं. दर जेवणाला वेटरला ‘मटण हलाल आहे का’ विचारायचं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायचं, त्यापेक्षा खोलीवरची खिचडी बरी. काश्मीरला तो प्रश्न नव्हता. कुकर घरी राहिला. अम्मीनं तरी बार्शीहून आलेली शेंगाची चटणी एक किलो घेतलीच, वर सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या. खोबरं मी काढायला लावलं. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानवाले ते ज्वलनशील मालात धरतात. अम्मी म्हणाली, “साठ वर्षं डब्यात ठेवतेय, कधी पेटलं नाही.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वजनासाठी घरी बाथरूमचा काटा. बॅग त्यावर नीट राहत नाही, म्हणून आधी माणसानं बॅग घेऊन उभं राहायचं आणि मग माणसाचं वजन वजा करायचं. बायकोनं काट्यावर चढायला साफ नकार दिला, त्यामुळं चारही बॅगा माझ्या कमरेवर. सगळं एकाच मोठ्या बॅगेत कोंबावं असंही मनात आलं होतं, पण एक नग ३२ किलोंच्या वर घेत नाहीत. तो नियम विमानासाठी नाही, सामान उचलणाऱ्या लोडरच्या पाठीसाठी आहे. माझी पाठ तेव्हा त्याच्याशी पूर्ण सहमत होती.

मग मुलांना खेळ सुचला. दादीला काट्यावर उभं केलं. ४३. धाकटा ओरडला, “दादी तर आपल्या दोन बॅगांएवढीच आहे!” सगळे हसलो. अम्मीही हसली.

पहाटेचं विमान होतं. मारुंजी रोडवरून रात्री दोनला निघालो. वाकडचा पूल मोकळा बघायचा तर हीच वेळ. लोहगावला काट्यावर ७१ किलो भरले आणि मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

श्रीनगरला अम्मी खूष होती. रिस्ता आणि गुश्ताबा तिनं दोनदोनदा मागून घेतला. घरी अर्धी चपाती चहात बुडवून उठणारी अम्मी इथं जेवतेय, हवा मानवली, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. दोन्ही पदार्थांत मटण इतकं कुटलेलं असतं की ओठांनी तुटतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

परतीला चार किलो अक्रोड, कहवा, दोन शाली आणि धाकट्याची काश्मिरी विलोची बॅट. बॅट हातात नेता येत नाही, ती पोटातच द्यावी लागते. श्रीनगरला विमानतळाच्या बाहेरच्या फाटकाशीच सगळं सामान उतरवून तपासतात, मग आत काउंटर. तिथं काटा ७८ वर थांबला. जादा तीन किलोंचे सांगितलेले पैसे ऐकून अक्रोड पुण्यातच घ्यायला हवे होते असं वाटलं. मुलांनी जॅकेटं चढवली. मी कहवा खिशांत भरला. तेवढ्यात खाली बघतो तर अम्मी जमिनीवर बसून स्वतःची बॅग उघडत होती. दोन्ही स्वेटर तिनं एकावर एक घातले, वर शाल घेतली, आणि बदना हातात धरून म्हणाली, “हा टाकून देते, घरी दुसरा आहे.” पाचांत सगळ्यांत हलकी बॅग तिची, आणि ती रिकामी होताना आम्ही काटा बघत होतो. बदना मी परत बॅगेत ठेवला आणि बुटांचा एक जोड बाहेर काढला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, “अम्मींनी अख्ख्या सहलीत एक अक्रोड खाल्ला नाही. चटणी खातात तीही दहीभातात कालवून. त्या काही चावतच नाहीत, बघितलंत का?” मी अब्बांच्या वेळची फाइल काढली. तेव्हा अम्मीचीही तपासणी केली होती. दोन वर्षांपूर्वी वजन ५१.

आठ किलो. विमानाच्या काउंटरवर तीन किलोंसाठी मी अर्धा तास घाम गाळला होता.

कवळी सैल झाली होती. दात काढल्यावर जबडा हळूहळू झिजतो आणि कवळी हलायला लागते, हे डेंटिस्टनं सांगितलं. माणूस कमी खातो, आणखी बारीक होतो, कवळी आणखी हलते. रमजानपासून हिरडीला जखम होती. “सांगितलं का नाहीस?” तर म्हणाली, “तुम्ही जायच्या तयारीत होता.” रमजान वसंतात होता, सहल दिवाळीला.

साखर आणि थायरॉइडही तपासून घेतलं, ते ठीक निघालं. कवळीला आतून नवा थर दिला. दोन दिवस ती कुरकुरली, मग भाकरी खायला लागली. काटा आता बाथरूममधून तिच्या खोलीत आलाय. दर रविवारी तिला त्यावर उभं करतो. मागच्या रविवारी ४६ भरले. ती वैतागते. म्हणते, “मला काय रोज विमानात चढवायचंय का?”