काठी : अनोळखी फळाचे नाव

तापीकाठची काळी सपाट शेते, केळी-कापसाची पिके आणि मिरचीची खळी मागे टाकून रस्ता अक्कलकुव्याहून सातपुडा चढू लागतो, तेव्हा थोड्याच अंतरात सारे बदलते. घरे एकमेकांना खेटून न राहता आपापल्या शेताच्या उतारावर एकेकटी उभी दिसतात. बांधावर आंबा असतो, पडीक जागेत मोह असतो. बाजारात मराठी समजते, पण घरात भिली किंवा पावरी बोलली जाते. याच डोंगरात, मोलगीच्या परिसरात, काठी हे गाव आहे. गाव लहान आहे. मात्र एकेकाळी ते सातपुड्यातील मेवासी संस्थानाचे ठिकाण होते आणि आज त्याची ओळख राजवाडी होळीमुळे दूरवर पोहोचली आहे.

ही होळी इ.स. १२४६ पासून अखंड चालत आल्याचे परंपरा सांगते. होळीचा दांडा म्हणजे एक उंच, सरळ बांबू; तो गुजरातच्या हद्दीतील जंगलातून खांद्यावर वाहून आणला जातो. त्यासाठीचा खड्डा कुदळ-फावड्याने नव्हे, हातांनी खणला जातो. फाल्गुन पौर्णिमेची रात्र ढोल, बासरी आणि घुंगरांच्या नादात जागते. अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे टोप आणि कमरेला वाळलेले भोपळे व घुंगरू बांधून नवस फेडणारे पुरुष नाचतात. होळी पेटते ती पहाटे. या नवसकऱ्यांनी आधीचे काही दिवस ब्रह्मचर्य पाळलेले असते. खाटेवर बसायचे नाही, जमिनीवर झोपायचे, अंघोळ करायची नाही, असे त्यांचे नियम असतात. बाहेरच्या माणसाला तेथे प्रथम रंग आणि नाच दिसतो. पण ज्या घरात पोसह, उपधान आणि चौविहार हे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत, त्या घरातून आलेल्या प्रवाशाला त्या नाचामागचे व्रत ओळखू येण्यास वेळ लागू नये.

अशा प्रवाशापुढे काठीत दुसराच प्रश्न उभा राहतो : येथे खायचे काय? रात्रीचा प्रश्न सोपा आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपले की चौविहार करणाऱ्याची रात्र उपाशीच जायची असते, आणि होळी पेटून सूर्य उगवल्यावर ४८ मिनिटांनी नवकारसी येते. खरा प्रश्न दिवसाचा आहे. ताटात येणारे धान्य अनोळखी, भाजी अनोळखी, फळ अनोळखी. अशा वेळी बरोबर आणलेले खाकरे उघडून बाजूला बसणे हा एक मार्ग आहे. पण तो एकमेव मार्ग आहे, असे शास्त्र सांगते काय?

अज्ञात आणि अपरिचित

बावीस अभक्ष्यांच्या यादीत ‘अज्ञात फळ’ हे एक नाव आहे. ज्याचे नाव आणि गुण ठाऊक नाहीत ते खाऊ नये, हा त्याचा अर्थ. या नियमाबरोबर वंकचूलाची कथा घरोघरी सांगितली जाते. राजपुत्र असूनही चोरांचा नायक झालेल्या वंकचूलाने चातुर्मास संपवून निघालेल्या आचार्यांकडून चार नियम घेतले. त्यांतला एक अज्ञात फळ न खाण्याचा होता. पुढे रानात भुकेने व्याकूळ झालेल्या त्याच्या साथीदारांना सुंदर, सुगंधी फळे सापडली. वंकचूलाने फळाचे नाव विचारले. ते कोणालाच सांगता येईना. त्याने हात मागे घेतला. ती किंपाक फळे होती. ज्यांनी खाल्ली ते वाचले नाहीत.

कथेचे तात्पर्य ‘नवे खाऊ नये’ असे काढले जाते, ते अपुरे आहे. वंकचूलाने फळ नाकारले ते नवे होते म्हणून नव्हे, तर त्याचे नाव सांगणारा कोणी भेटला नाही म्हणून. नियम प्रथम नाव विचारण्यास सांगतो आणि उत्तर न मिळाल्यासच हात आवरण्यास. अज्ञात आणि अपरिचित या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जे आपल्याला परिचित नाही ते दुसऱ्याला पूर्णपणे ज्ञात असू शकते.

काठीत हा भेद पदोपदी जाणवतो. कथेतल्या रानात फळाचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. सातपुड्याच्या रानात ते गुरे राखणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. कोणते फळ कधी पिकते, कोणता पाला उकळून पाणी टाकून दिल्यावरच खावा, कोणत्या कंदाला हातही लावू नये, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले आहे. या डोंगरात अज्ञान असलेच तर ते खालून आलेल्या माणसाचे असते. म्हणून तेथे ‘हे काय आहे?’ असे विचारणे नियमाचे पालन आहे आणि समोरच्याच्या ज्ञानाचा मानही.

डोंगराचे ताट

नाव विचारत गेले की ताट हळूहळू उलगडते. ज्वारी आणि मक्याची भाकरी ओळखीची निघते. उडीद हे येथले मोठे कडधान्य. त्याची सालीसकट भरडलेली डाळ शिजवतात. ‘लसूण घालू नका’ एवढे आधी सांगितले, तर ती जैन पाहुण्यालाही चालते. अंबाडीचा पाला आंबट असतो. पण फाल्गुन चौमासी उलटल्यावर ज्यांचा पालेभाजीचा त्याग असतो, त्यांना तो तेवढ्यापुरता वर्ज्य. कंद सर्वांनाच वर्ज्य. मध, मांस आणि मोहाची दारू यांबद्दल विचारण्याचे कारणच नाही. एवढे वजा करूनही भाकरी, डाळ आणि भगर उरते, आणि एका जेवणाला तेवढे पुष्कळ झाले.

भगरीपाशी क्षणभर थांबले पाहिजे. खानदेशातील किराणा व्यापाऱ्याला भगर नवी नाही. आषाढी, श्रावण आणि नवरात्रात ती पोत्यांनी विकली जाते. गिऱ्हाईक तिला उपवासाचा पदार्थ म्हणून ओळखते. सातपुड्यात मात्र वरी, राळा, बर्टी ही बारीक धान्ये उतारावरच्या हलक्या जमिनीत पिकणारे पोटभरीचे अन्न आहेत. एकाच्या उपवासाचा घास दुसऱ्याच्या रोजच्या जेवणाचा आहे. शिवाय जैन उपवासात तर अन्नच नसते. तेव्हा ज्यांच्या दुकानातून उपवासाची भगर जाते, त्यांच्या स्वतःच्या उपवासाला ती कधी लागत नाही. एका धान्याकडे पाहण्याचे हे तीन प्रकार एकाच जिल्ह्यात नांदतात.

हे धान्य पिकवणे एक वेळ सोपे, पण त्याचे टरफल काढणे कठीण. दाणा बारीक, टरफल घट्ट. दळण-कांडणाचे सारे श्रम घरातल्या बाईच्या वाट्याला येतात. स्वस्त धान्य दुकानातून गहू-तांदूळ डोंगरापर्यंत पोहोचला, तेव्हा ही धान्ये मागे पडू लागली यात नवल नव्हते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि शहरांत ज्वारी-नाचणी-वरीची पाकिटे शोभिवंत झाली. पण त्यांचे बियाणे जपले होते ते अशाच डोंगरांतील घरांनी. धडगाव भागात बाएफ संस्थेने आदिवासी शेतकऱ्यांना सोबत घेऊन स्थानिक वाणांच्या जतनाचे काम केले आहे.

मिरची-लसूण बाजूला ठेवले, तर तुपाशिवायची भाकरी आणि नुसत्या मिठावरची उकडलेली डाळ हे डोंगराचे ताट आयंबिलच्या ताटाशी विलक्षण जुळते. होळीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी चैत्राची ओळी सुरू होते. नऊ दिवस दूध, दही, तूप, तेल, गूळ यांचा त्याग करून उकडलेल्या धान्यावर राहण्याचे ते तप. साम्य खरे आहे. पण त्यावर फार रमू नये. आयंबिल करणाऱ्याच्या घरात तूप असते आणि तो ते स्वेच्छेने सोडतो. डोंगरातील कित्येक घरांत ते नसतेच. कुपोषणाच्या बातम्यांत अक्कलकुवा आणि धडगाव ही नावे वर्षानुवर्षे येत राहिली आहेत. त्याग आणि टंचाई यांचे ताट सारखे दिसले तरी एक नव्हे. हे ध्यानात ठेवून तो घास घेतला, तर आयंबिलाचाही अर्थ अधिक गंभीर होतो.

टोपलीतील खजूर

परके अन्न आपलेसे करण्याचे काम केवळ खालून वर जाणाऱ्या प्रवाशाने करायचे असते, असे नाही. काठीच्या होळीच्या पूजेत गूळ, दाळ्या, साखरेचे हार-कंगण आणि खजूर असतो. यांपैकी डोंगरात पिकणारे काय? साखर मैदानातली. खजूर तर समुद्रापलीकडचा. बंदरातून, पेठेतून, आठवडी बाजारातून तो सातपुड्यात चढला. होळीच्या आधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारांत त्याची खरेदी होते. कोणे एके काळी पूर्ण अपरिचित असलेले हे फळ येथल्या लोकांनी नुसते खाल्ले नाही, देवाच्या पूजेत नेऊन ठेवले.

येथे पंचांगाचा एक योग लक्षात घेण्यासारखा आहे. मूर्तिपूजक श्वेतांबर परंपरेतील अनेक घरांत फाल्गुन शुद्ध चौदशीच्या चौमासीनंतर आठ महिने खजूर बंद होतो. उष्ण आणि दमट दिवसांत त्यात जीवोत्पत्ती होते, हे त्याचे कारण. आणि त्याच फाल्गुनाच्या पौर्णिमेला काठीत खजूर पूजेला लागतो. दुकानातील एकाच खोक्यातला खजूर आदल्या दिवशी एका घरात निषिद्ध होतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरात प्रसाद होतो. दोन्ही घरे आपापल्या जागी नियमाने वागत असतात.

मक्याची आणि मिरचीची कथाही अशीच. दोन्ही पिके अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर ती भारतात पसरली. आज मक्याच्या भाकरीवाचून सातपुड्याचे जेवण पूर्ण होत नाही आणि मिरचीवाचून नंदुरबारच्या बाजाराची ओळख होत नाही. ‘आपले’ म्हणून ज्याचा अभिमान धरावा, ते कधीतरी कोणीतरी धीराने, नाव विचारून, पहिल्यांदा चाखलेले असते.

डोंगरातून खाली येणाऱ्या वस्तूही थोड्या नाहीत. श्रीखंडावर पेरली जाणारी चारोळी जंगलातली आहे. जैन स्वयंपाकघरात आंबटपणासाठी हाताशी असलेला आमचूर तर धडगाव-मोलगीच्या बाजारांचा मुख्य माल. पावसाळ्यापूर्वी गावठी कैऱ्या उतरवून सोलायच्या, कोयीपासून चिरून फोडी करायच्या आणि दगडांवर, छपरांवर वाळत घालायच्या. घरातली लहानथोर सारी माणसे त्यात गुंततात. पांढरट, स्वच्छ फोडीला भाव चढा. अवकाळी सर आली की फोड काळवंडते, बुरशी धरते. बुरशीला, म्हणजे फूलणीला, अनंतकाय मानणाऱ्या घरात तो आमचूर बाद. आणि ज्याने तो वाळवला त्याच्या घरात वर्षाची रोख कमाई बाद. व्यापाऱ्याला आमचुराचा रंग, ओल आणि भाव अचूक कळतो. त्या फोडी ज्या अंगणात वाळल्या, तेथल्या चुलीवर काय शिजते हे मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या देवघेवीनंतरही पुष्कळदा ठाऊक नसते. माल ओळखीचा आणि माणूस अनोळखी, ही स्थिती व्यापारालाही शोभणारी नाही.

‘नको’ म्हणण्याची रीत

काठीच्या पाहुणचारात नाकारण्याचा प्रसंगही येतोच. भिल समाजात देवकार्याच्या आणि पितरांच्या वेळी मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडतात. सणाला मांसही असते. जैन पाहुणा ते घेणार नाही, आणि घेऊही नये. ‘आमचा नियम आहे’ हे तीन शब्द तेथे पुरतात. कारण नियम म्हणजे काय, हे त्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही. नव्या धान्याची ‘नवाई’ होईपर्यंत, म्हणजे ते देवाला दाखवीपर्यंत, तोंडात न घालणारी ही माणसे आहेत. होळीच्या नवसासाठी अंथरूण सोडणाऱ्याला दुसऱ्याचे पच्चक्खाण समजते.

समजत नाही ती हेटाळणी. नियमामुळे आलेला नकार आणि तुच्छतेमुळे आलेला नकार यांतला फरक यजमानाला शब्दांवाचून कळतो. डोंगरातील माणसाचे धान्य घ्यायचे, आमचूर घ्यायचा, मात्र त्याच्या ओसरीवर पाणीही घ्यायचे नाही, असे वागणे मैदानातील अनेक समाजांनी दीर्घकाळ केले. त्याला धर्माचा आधार असल्याचेही सांगितले गेले. म्हणून बावीस अभक्ष्यांची यादी एकदा शांतपणे पुन्हा वाचावी. तीत फळे आहेत, कंद आहेत, द्विदल आहे, चलित रस आहे, रात्रीचे भोजन आहे. कोणत्याही माणसाचे, जातीचे किंवा घराचे नाव त्या बावीस नावांत नाही.

होळीच्या दिवसांत काठीला जाणाऱ्या कुटुंबांनी खाकरे आणि पाणी गाळण्याचे गाळणे जरूर सोबत न्यावे. डोंगरात वेळेवर काय मिळेल याचा भरवसा नसतो. परंतु कोणी आपल्या ओसरीवर बोलावले, तर मुलांना पुढे करावे आणि ताटातील प्रत्येक वस्तूचे नाव विचारायला सांगावे. जे चालते ते आनंदाने घ्यावे, जे चालत नाही ते हात जोडून परत द्यावे. भगर विकत घेतलीच, तर तिच्याबरोबर ती शिजवण्याची रीतही विचारून घ्यावी आणि पिकवणाऱ्या गावाचे नावही. घरी परतल्यावर ती शिजेल, तेव्हा पानात वाढलेले ते अन्न अज्ञात राहिलेले नसेल.