मंगळवारचे दिवे

मुंबईस नोकरी करावी आणि बिऱ्हाड मात्र खेड्यांत असावें, ही इच्छा मुंबईंतल्या पुष्कळ संसारी माणसांच्या मनांत वर्षांतून एकदां, बहुधा मे महिन्यांत, उत्पन्न होते आणि पहिल्या पावसाबरोबर वाहून जाते. माझ्या बाबतींत ती वाहून गेली नाहीं. तिनें मला कचेरीपासून नव्वदांहून अधिक किलोमीटर दूर नेऊन ठेवलें. तें कसें घडलें, आणि त्यांत माझा हिशेब कोठें चुकला, हें शाळेच्या जुन्या सोबत्यांस सांगावें असें पुष्कळ दिवस मनांत होतें. संपादकांचें पत्र आलें, तेव्हां निमित्त मिळालें.

आमचें बिऱ्हाड परळास एका जुन्या चाळींत होतें. दीड खोली, नळ सामाईक आणि पावसाळ्यांत भिंतींस ओल. परंतु मुलगी रांगूं लागली तेव्हांपासून तिला कोणीं सांभाळावयाचें, हा प्रश्न आम्हांस कधीं पडलाच नाहीं. गॅलरींत तिला सोडली कीं ती चार-पांच दारें ओलांडून कोणाच्या तरी स्वयंपाकघरांत जाऊन बसे, आणि पुष्कळदां जेवूनच परत येई. २०१८ सालीं ती चाळ पाडून तेथें उंच इमारत बांधावयाचें ठरलें आणि आम्हांस तात्पुरती जागा एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर मिळाली. जागा स्वच्छ होती. नळ घरांत होता. फक्त सगळीं दारें बंद असत. एके दिवशीं संध्याकाळीं मीं मनूस विचारलें, "आज कोणाबरोबर खेळलीस?" ती म्हणाली, "लिफ्टमावशीबरोबर." दार उघडतांना व मिटतांना लिफ्टमधून बाईच्या आवाजांत जी सूचना होते, तिला सहा वर्षांच्या मुलीनें मावशी केलें होतें! ती वर-खालीं जाऊन तिच्याशीं गप्पा मारीत असे. आई हें ऐकून हंसली. माझें कुटुंब हंसलें नाहीं. रात्रीं ती एवढेंच म्हणाली, "अहो, हिला माणसें हवींत."

आईचें मत निराळें होतें. तिचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यांतला. "माणसें हवींत तर हवींत," ती म्हणाली, "पण गांव म्हणजे काय असतें तें तुला ठाऊक नाहीं. मी त्यांतून सुटून आलें आहें." तिचें म्हणणें मीं त्या वेळीं मनावर घेतलें नाहीं. मला वाटलें, म्हातारपणीं माणूस असेंच बोलतें.

शोधास आरंभ झाला तो पश्चिम रेल्वेवर. विरारच्या पुढें डहाणूपर्यंत लोकलगाड्या २०१३ सालापासून जाऊं लागल्या आहेत. तेव्हां सफाळें, केळवें हे भाग आम्हीं प्रथम पाहिले. तेथील वाड्या, विहिरी आणि समुद्रावरून येणारा वारा पाहून मी तेथेंच राहतों कीं काय असें झालें. परंतु विरारपर्यंत जशा गाड्यांमागून गाड्या धांवतात, तशा पुढें धांवत नाहींत. एक चुकली तर दुसरीसाठीं फलाटावर बसून राहावें लागतें. नोकरी करणाऱ्या माणसानें गांव पाहण्यापूर्वीं वेळापत्रक पाहावें, हा धडा मीं तेथें घेतला.

मग मध्य रेल्वेवर कल्याणच्या पुढें वळलों. येथें जाहिराती फार. एका जाहिरातींत डोंगर, झरा, झोंपाळा आणि त्यावर बसलेलीं दोन गोरीगोमटीं मुलें असें चित्र होतें. आम्ही एका रविवारीं पाहावयास गेलों. फाटकावर पहारेकरी, आंत बंगल्यांच्या रांगा, पोहण्याचा तलाव आणि खरोखरच बागडणारीं मुलें! मी दलालाशीं किंमतीचें बोलूं लागलों. कुटुंबानें माझी बाही ओढली. "आपण मंगळवारीं येऊं या," ती म्हणाली, "संध्याकाळीं सातनंतर."

मला हें कांहींतरी विचित्र वाटलें. तथापि रजा काढून मंगळवारीं गेलों. काळोख पडला. रस्त्यावरचे दिवे लागले. घरांतले लागले नाहींत. एका ओळींत आम्हीं वीसपर्यंत घरें मोजलीं. उजेड दोहोंत, आणि त्यांतील एक माळ्याची खोली. हीं घरें शनिवारीं उघडत व रविवारीं रात्रीं मिटत. अकरावा मजला आणि ही जागा यांत फरक एवढाच कीं येथें लिफ्टमावशीही नव्हती. त्या दिवसापासून मंगळवारचे दिवे मोजणें हा आमच्या घरचा कायदाच झाला. पुढें त्यांत आणखी दोन कलमें पडलीं : शाळेपर्यंत मूल पायीं जातें कीं गाडीनें, आणि रात्रीं डॉक्टर लागला तर कोणाचें दार ठोठवावें लागेल. तिन्ही कलमें कुटुंबाचीं. हवा, डोंगर, शांतता हीं माझीं कलमें होतीं, आणि तीं कोणत्याही जाहिरातींत फुकट मिळतात.

वांगणीस आम्ही जवळजवळ ठरलोंच होतों. भाडें हलकें, आणि संध्याकाळीं दिवेच दिवे. या गांवांत दृष्टिहीन माणसांचीं पुष्कळ कुटुंबें राहतात. स्वस्त घर आणि लोकलगाडीची सोय या दोहोंमुळें तीं येथें एकत्र आलीं आहेत. त्यांतील कित्येकजण गाड्यांत किरकोळ वस्तू विकून संसार चालवितात. स्थानकाबाहेर एक आंधळें जोडपें आपल्या डोळस मुलाचा हात धरून बाजारांत चाललें होतें, आणि भाजीवाली पैसे मोजून त्यांच्या हातांत ठेवतांना प्रत्येक नोट मोठ्यानें सांगत होती, हें मीं पाहिलें. पुढें १७ एप्रिल २०२१ रोजीं याच स्थानकांत एका दृष्टिहीन मातेचा लहान मुलगा फलाटावरून रुळांवर पडला, आणि समोरून गाडी येत असतां पॉइंट्समन मयूर शेळके यांनीं रुळांवरून धांवत जाऊन त्याला वांचविलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेल. त्यांनीं बक्षिसाची अर्धी रक्कम त्या मुलासाठीं देण्याचेंही जाहीर केलें.

परंतु आम्हीं जें घर पसंत केलें होतें तें उल्हास नदीकडच्या सखल भागांत होतें. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्यामध्यें पुराच्या पाण्यांत महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि सुमारें एक हजार उतारूंना होड्यांतून बाहेर काढावें लागलें. टेकडीवर घर मिळतें तर कदाचित् आम्ही वांगणीकरच झालों असतों. परंतु वर्तमानपत्रांतलें तें चित्र आईनें पाहिलें होतें, आणि त्यापुढें माझें कांहीं चाललें नाहीं.

अखेर सप्टेंबरमध्यें नेरळ व कर्जत यांच्यामध्यें भिवपुरी रोड स्थानकापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर एक गांव सांपडलें. त्याचें नांव मी मुद्दाम देत नाहीं, कारण दलाल मंडळी वार्षिक अंकही वाचीत असावीत. भिवपुरीचें टाटांचें वीजगृह १९२२ सालीं सुरू झालें. वीज करून सुटलेलें तेथील पाणी राजनाला कालव्यानें या भागांत खेळविलें आहे. त्यामुळें कांहीं शेतांत पावसाळी भातानंतर उन्हाळ्यांतही भात होतो. या एका गोष्टीचें महत्त्व मला फार उशीरा कळलें. दुसरें पीक आहे म्हणून माणसाला गांवांत काम आहे. काम आहे म्हणून घरें उघडीं आहेत. आणि घरें उघडीं आहेत म्हणून मंगळवारीं दिवे आहेत. आम्ही गेलों तेव्हां दिवेलागणीच्या वेळीं जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओट्यावर दहा-बारा मुलें लगोऱ्या खेळत होतीं. कुटुंबानें दिवे मोजलेच नाहींत.

जमीन घेण्याची माझी हौस येथें निवाली. शेतकरी नसलेल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून शेतजमीन विकत घेतां येत नाहीं, असा १९४८ चा कूळवहिवाटीचा कायदा आहे. "सातबारा आम्हीं सांभाळून घेऊं" असें सांगणारे पुष्कळ भेटले. ते पैसेही सांभाळून घेतात असें ऐकलें. आम्हीं गावठाणांत एका आजींच्या घराच्या दोन खोल्या भाड्यानें घेतल्या. त्यापूर्वीं आमची जात विचारण्यांत आली. आईनें माझ्याकडे पाहिलें. ती कांहीं बोलली नाहीं, पण "सांगितलें नव्हतें?" हें मला ऐकूं आलें. मुंबईंतही विचारतातच, तेथें आडनांवावरून काढतात, एवढाच फरक.

२०१९ च्या दिवाळींत राहावयास गेलों. पहिल्या महिन्यांत न्हाणीघरांत साप निघाला, आणि वीज गेली कीं कधीं येईल याचा नेम नसे. मनू मात्र आठवड्याच्या आंत नाहींशी झाली. म्हणजे शाळेंतून सुटली कीं कोणत्या घरीं असेल तें आम्हांस कळेनासें झालें, आणि तें कळण्याची जरूरही उरली नाहीं. कोणाच्या तरी खळ्यांत, कोणाच्या तरी चुलीपाशीं ती असे. आईला एक पांढरकेस मैत्रीण मिळाली. मी पहाटे पांचाला उठून सहाच्या आधींची गाडी धरीत असें आणि रात्रीं नवाच्या सुमारास परत येत असें.

मार्च २०२० मध्यें लोकलगाड्या बंद झाल्या. गांवच्या तरुणांनीं वेशीवर बांबू आडवा बांधला. मुंबईच्या माणसास आंत घ्यावयाचें नाहीं असें ठरलें. आम्ही मुंबईचे कीं गांवचे? पांच महिन्यांत मी दिवसाउजेडीं गांवांत फक्त रविवारीं दिसलों होतों. एप्रिलमध्यें आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून मी बाजारांत गेलों आणि परत येतांना बांबूपाशीं अडविला गेलों. तोंडावर रुमाल बांधलेल्या पोरानें विचारलें, "कोणाकडचे तुम्ही?" मीं नांव सांगितलें, आडनांव सांगितलें; आजींच्या घरीं राहतों असें सांगितलें. त्याच्या चेहऱ्यावर ओळखीची खूण नव्हती. मागें उन्हांत आणखी एक मनुष्य उभा होता, त्यानें मला निरखून पाहिलें आणि म्हणाला, "अरे, हे मनूचे बाबा नाहींत का?" बांबू वर झाला. "मग तसं सांगायचं ना, दादा!" तो पोरगा म्हणाला.

त्या दिवशीं मी गोळ्यांची पुडी हातांत घेऊन गांवांतून चालत आलों, तेव्हां सात वर्षांच्या मुलीच्या ओळखीवर आपण आंत आलों आहोंत, ही गोष्ट मला घरीं पोहोंचेपर्यंत सोडीना. माणसें हवींत म्हणून आम्ही येथें आलों. तीं तिला मिळालीं, कुटुंबाला मिळालीं, आईलाही मिळालीं. घरांत भाडें भरणारा माणूस तेवढा पाहुणा राहिला होता.

पुढचे अकरा महिने मी गांवांत होतों. माझ्यासारख्या सामान्य नोकरदारास फेब्रुवारी २०२१ पर्यंत लोकलमध्यें प्रवेश नव्हता, आणि नंतरही कांहीं काळ ठरीव वेळांतच होता. पगार निम्मा झाला. काळजी होती, कर्ज झालें. तरीही खोटें कशाला बोलूं, ते महिने मला आज आठवतात ते सुट्टीसारखे. भाताची आवणी कशी करतात तें मनूनें मला शिकविलें, आणि माझ्या ओळी वांकड्या आल्या म्हणून सगळ्या बायका हंसल्या. गाड्या सुरू झाल्या, आणि मी पुन्हां रात्रीं नवाचा झालों.

शाळेंत असतांना आमच्या मास्तरांनीं उद्याननगरीची कल्पना सांगितली होती. एबेनेझर हॉवर्ड या इंग्रज लघुलेखकानें १८९८ सालीं एक पुस्तक लिहून शहर व खेडें या दोहोंतलें चांगलें तें एकत्र करावें असें मांडलें, आणि १९०३ सालीं लेचवर्थ येथें तसें गांव वसविण्यास आरंभही झाला. मला त्यांतल्या बागा तेवढ्या आठवत होत्या. अलीकडे त्याविषयीं पुन्हां वाचलें, तेव्हां दिसलें कीं हॉवर्डच्या योजनेंत कारखाने आणि कामाच्या जागाही त्याच गांवांत होत्या. माणसानें तेथें निजावें व काम करण्यास लंडनला जावें, असें त्याचें म्हणणें नव्हतें. माझा हिशेब चुकला तो येथें. घरचीं तिघें खेड्यांत आलीं. मी रुळांवर राहिलों. रोजचे साडेचार तास, आठवड्याचे सहा दिवस. गुणाकार मीं एकदांच केला.

मनू आतां आठवीस आहे. शाळेसाठीं ती एक स्थानक पुढें कर्जतला जाते. सकाळीं ती एका फलाटावर आणि मी आधींच दुसऱ्या दिशेनें गेलेला. गेल्या पावसाळ्यांत कल्याणच्या एका पेढीवर जागा रिकामी असल्याचें कळलें. वेतन माझ्या सध्यांच्या वेतनाच्या दोन-तृतीयांश. परंतु घरीं सातच्या आंत येतां येईल. मनूच्या पुढच्या शिक्षणास पैसा लागेल, तो कोठून आणावा, यावर कुटुंबाचें आणि माझें तीन रात्री बोलणें झालें. चौथ्या रात्रीं आई आंथरुणावरून म्हणाली, "पोर जागी असतांना घरीं येशील तर ये. आणखी चार वर्षांनीं ती तरी कुठं घरीं असणार आहे?"

अर्ज लिहून झाला आहे. डब्याच्या पिशवींत गेले पंधरा दिवस तो माझ्याबरोबर मुंबईस जातो आणि परत येतो. कल्याण स्थानक दिवसांतून दोनदां लागतें.

— एक माजी विद्यार्थी