मे फ्लॉवरचा कांदा

वर्षाचे अकरा महिने ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे, त्या डालड्याच्या डब्याभोवती मे महिन्यात अख्खी चाळ गोळा व्हायची. आईने आजोळच्या गडग्याकडेचा मे फ्लॉवरचा कांदा आणून त्यात लावला होता. फुटबॉल लिली म्हणतात तोच. आधी मातीतून जाडसर दांडा वर यायचा, तळाशी तांबूस ठिपके, टोकाला मिटलेली मूठ. बघता बघता तिचा लालभडक चेंडू व्हायचा. जवळून पाहिलं की कळायचं, हे एक फूल नव्हेच. चिमुकल्या फुलांची नुसती दाटी, प्रत्येकाला सहा अरुंद पाकळ्या आणि बाहेर झेपावलेले सहा केसर, टोकाला पिवळा ठिपका. आम्ही पोरं ती फुलं मोजायला बसायचो. शंभराच्या पुढे हमखास भांडण. आठ-दहा दिवसांत सगळा थाट आटपायचा.

लग्नानंतर त्याच कांद्याची पिल्लं माझ्याबरोबर डोंबिवलीला आली. तिथल्या मागच्या खिडकीत ऊन नावालाच. पानं केवढाली झाली, फूल काही येईना. पुढे पूर्वेची खिडकी असलेलं घर मिळालं आणि तिथे दुसऱ्याच मेमध्ये चेंडू उगवला. पिल्लांना वयात यायला दोन-तीन वर्षं लागतात हे खरं, पण सकाळचं कोवळं ऊन हवंच. पावसाळाभर ही पानंच पुढच्या फुलाची शिदोरी कांद्यात भरतात. फूल सरलं की पसारा नको म्हणून हिरवी पानं कापणारे लोक पुढच्या मेमध्ये रिकामा दांडासुद्धा पाहत नाहीत.

आता पुण्यात सोसायटीभरातल्या कुंड्या माझ्याकडे तपासणीला येतात. माझं मत विचाराल तर घरातले कांदे उपासाने कमी आणि कौतुकाने जास्त मरतात. दिवाळीनंतर पानं पिवळी पडायला लागतात. ती झाडाची झोपायची वेळ, पण घरच्यांना वाटतं तहान लागली. मग तांब्यावर तांब्या. खालच्या ताटलीत पाणी साचतं, कोकोपीट ते धरून ठेवतं आणि कांदा बुडातून सडतो. दाबून बघा, मऊ लागला आणि वास आला तर सडका भाग धारदार सुरीने काढा, सावलीत सुकू द्या आणि निम्मी वाळू घातलेल्या मातीत मान वर ठेवून पुन्हा लावा. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसतं ती बुरशी नव्हे, पिठ्या ढेकूण. स्पिरिटच्या बोळ्याने पुसला की जातो. कुंडी मोठी करायची घाई तर नकोच, या कांद्यांना दाटीवाटीच मानवते. त्या बाबतीत चाळीतलेच.

एक मात्र सांभाळा. झाड मूळचं आफ्रिकेतलं आणि विषारी. तिकडे काही भागांत त्याचा रस बाणांना लावत, मासे पकडायलाही वापरत. त्यामुळे सुकायला काढलेला कांदा स्वयंपाकघरातल्या कांद्या-बटाट्यांच्या टोपलीजवळ ठेवू नका. मांजर असेल तर कुंडी उंचावर.

आणि जानेवारीत कुंडी रिकामी दिसली म्हणून तिच्यात पुदिना खोचायला जाऊ नका. ‘आत कांदा आहे’ अशी चिठ्ठी लावा, कोरड्या कोपऱ्यात सरकवा आणि एप्रिल लागला की पाणी सुरू करा.