सातू, राय आणि मोह

आमच्या लहानपणी आमच्या घरात मद्याला एकच शब्द होता, आणि तो म्हणजे दारू. विलायतेहून बाटलीबंद होऊन आलेली असो, ताडाच्या शेंड्यावरून मडक्यात उतरलेली असो, की ओढ्याकाठी नवसागर घालून चोरून गाळलेली असो, साऱ्यांना तो एकच शब्द पुरत असे. सर्दी झालेल्या पोराच्या छातीस चोळावयाची ब्रँडी तेवढी ‘औषध’ या नावाखाली कपाटात राहू शके. ज्या घरात आंबेमोहर आणि जिरेसाळ हे तांदूळ शिजताना नुसत्या वासावरून ओळखले जात, आणि पुढ्यातला हापूस देवगडचा की रत्नागिरीचा या वादापायी जेवणे लांबत, त्या घराने या एका पदार्थापुरती आपली जीभ आणि आपली भाषा दोन्ही मुद्दाम बोथट ठेविली होती.

याला कारण नव्हते असे नाही. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून मराठी पांढरपेशा कुटुंबाच्या मनात सुधाकराने कायमचे घर केले. तळीराम हे तर विशेषनाम राहिलेच नाही. त्या नाटकाने आमच्या वर्गाला दोनच अवस्था ठाऊक करून दिल्या: एक, पेल्यास स्पर्श न करणे, आणि दुसरी, पेल्यात बुडून मरणे. या दोहोंच्या मध्ये एखादी तिसरी अवस्था असू शकते, याचा विचार करण्याची गरजच कोणास भासली नाही. आमच्या घरास तर ती चैन परवडण्याजोगीही नव्हती. आमचे धाकटे मामा या दोन अवस्थांपैकी दुसरीत होते. परंतु त्यांच्याविषयी पुढे सांगू.

गेल्या आषाढात आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांस चामटोलीस बोलाविले. आमच्याच महाविद्यालयात त्यांनी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकविले, आणि निवृत्तीनंतर बदलापूरच्या पुढे या गावी लहानसे घर बांधून ते राहिले आहेत. उल्हास नदीच्या पुरात २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान अडकून पडली आणि हजारावर उतारूंना पाण्यातून बाहेर काढावे लागले, तेव्हा या गावाचे नाव वर्तमानपत्रांतून सर्वत्र झाले. एरवी पावसाळ्यात येथे भातखाचरे, बेडूक आणि दूर ढगांत अर्धा बुडालेला डोंगर यांपलीकडे पाहण्यासारखे फारसे नाही. आणि म्हणूनच आम्हांस तेथे जावयास आवडते.

ओटीवर दोन बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. स्नेही म्हणाले, “प्राध्यापकसाहेब, आयुष्यभर मुलांना ‘अमुक दोन कवींची तुलना करा’ म्हणून छळलेत. आज स्वतः या दोघींची तुलना करा पाहू.”

आपण पूर्ण निर्व्यसनी आहो असे वाचकांस भासविणे आम्हांस आवडले असते. परंतु वर्षातून तीन-चार प्रसंगी आम्ही पेला हाती धरतो, आणि तोही कायद्याचे बोट धरून. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आपल्या राज्यात अजून जिवंत आहे, आणि त्यान्वये पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. हा परवाना प्रकृतीच्या रक्षणासाठी व स्वास्थ्यासाठी दिलेला असतो! ज्या कोण्या कारकुनाने हे शब्द प्रथम योजिले, त्याच्या विनोदबुद्धीस आम्ही मनातल्या मनात अनेकवार नमस्कार केला आहे.

पहिली बाटली सिंगल माल्टची होती. तीही स्कॉटलंडची नव्हे, गोव्यातील कुंकळ्ळीची. पॉल जॉन या नावाने ती २०१२ साली प्रथम लंडनच्या बाजारात गेली, आणि मग उशिराने आपल्याकडे आली. बंगळूरच्या अमृतनेही २००४ साली असेच आधी ग्लासगोत पाऊल टाकिले होते. साहेबाने वाखाणल्यावाचून आपले ते आपल्याला चांगले लागत नाही, हा नियम येथेही चुकला नाही. दुसरी बाटली स्नेह्यांच्या चिरंजीवांनी अमेरिकेहून आणलेली, केंटकी प्रांतातील राय व्हिस्की.

‘राय’ हा शब्द ऐकून आमच्या सौ.ना वाटले की ही मोहरीची दारू असावी. त्यांचा दोष नाही, कारण मराठीत राई म्हणजे मोहरीच. परंतु ही राय म्हणजे गव्हाच्या नात्यातले, थंड मुलखात व हलक्या जमिनीत तग धरणारे एक धान्य. जर्मनीत, पोलंडात आणि रशियात त्याची काळी भाकर करतात. आपल्याकडे ते पिकत नाही म्हणून त्याला नावही नाही. माल्ट हा शब्द मात्र वाटतो तितका परका नाही. सातू म्हणजे जव. ते भिजवून, मोड आणून, मग वाळविले की माल्ट झाले. ज्या घरात लहान मुलासाठी नाचणीचे सत्त्व करतात, त्या घरातील आजीला ही कृती निम्मी ठाऊकच असते. मोड येताना दाण्यातील पिठाची साखर करणारी द्रव्ये जागी होतात. सत्त्व बाळाला पचते ते त्यामुळेच, आणि सातूची दारू होते तीही त्यामुळेच. ‘सिंगल’ याचा अर्थ एका पिंपातील असा पुष्कळांचा समज असतो, आमचाही होता. वस्तुतः त्याचा अर्थ एकाच कारखान्यातील, एवढाच. मोड आलेला सातू, पाणी आणि यीस्ट यांखेरीज त्यात काही घालावयाचे नाही, आणि तांब्याच्या भांड्यात गाळून ओकच्या पिंपात मुरवावयाचे, असा दंडक. स्कॉटलंडात निदान ३ वर्षे मुरविल्याखेरीज तिला व्हिस्की म्हणता येत नाही.

अमेरिकेचा दंडक निराळा. तेथे राय म्हणविण्यास धान्यात शेकडा ५१ तरी राय हवी, आणि पिंप हवे नवे कोरे व आतून जाळून कोळसा केलेले. एकेकाळी पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड या प्रांतांचे हेच घरचे पेय होते. प्रत्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी उतारवयात आपल्या माउंट व्हर्ननच्या शेतावर भट्टी घातली, आणि १७९९ साली तीतून सुमारे ११,००० गॅलन दारू निघाली. तिच्या धान्यात रायच अधिक होती. पुढे १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात रायचा धंदा जो बसला, तो सावरावयास पाऊणशे वर्षे लागली.

स्नेह्यांनी चार पेले मांडिले, तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते. प्रत्येकात अंगठ्याच्या पेराएवढीच व्हिस्की. आधी वास, मग घोट, मग चमचाभर पाणी घालून पुन्हा वास आणि पुन्हा घोट. बर्फ नाही, सोडा नाही, आणि घाई तर नाहीच नाही.

विलायती जाणकारांनी अशा वेळी वापरावयाच्या शब्दांची मोठी यादी करून ठेविली आहे. परंतु जी फळे आम्ही कधी चाखली नाहीत, त्यांची नावे घेऊन आम्ही कोणाला फसविणार? म्हणून स्वयंपाकघरातलेच शब्द वापरावे असे आम्ही ठरविले, आणि या कामी सौ. आम्हां दोघांहून सरस निघाल्या. त्यांनी घोट घेतला नाही. दोन्ही पेले नाकाशी धरले, इतकेच. सातूच्या पेल्याविषयी त्या म्हणाल्या, “तुपात रवा खमंग भाजून त्यावर मध ओतल्यासारखा वास आहे.” आणि रायचा पेला नाकाशी नेताच, “ही तर सुंठ! नाही, मिरे. आणि खाली कुठेतरी नवे लाकूड.”

त्याहून अचूक वर्णन आम्हांस अजून सुचलेले नाही. राय जिभेवर येताच बोलू लागते. मिरे, सुंठ, थोडे शहाजिरे, मागाहून जळक्या साखरेचा गोडवा. मग तिचे बोलणे संपते. तो गोडवा धान्याचा कमी आणि पिंपाचा अधिक. लाकूड जळताना त्यातील द्रव्ये फुटून व्हॅनिलाचा सुगंध तयार होतो, असे रसायनशास्त्राचे मत पडले. सातूची तऱ्हा कीर्तनकारासारखी. पूर्वरंगात विशेष काही घडत नाही. आपण चुळबूळ करू लागतो. पाणी पडले की उत्तररंग सुरू होतो. मध, वेलची, कच्च्या केळ्याची साल असे एकेक येते, आणि घोट गिळून झाल्यावरही घसा बराच वेळ ऊबदार राहतो. पहिल्या घोटास आम्ही रायला अधिक गुण दिले, आणि अर्ध्या घटकेने ते खोडून सातूला दिले. उत्तरपत्रिका तपासताना आम्ही असेच करीत आलो आहो, हे येथे कबूल केलेले बरे.

पिंपातील व्हिस्की लाकडातून थोडी थोडी उडून जाते. तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत हा वाटा वर्षाला शेकडा २ च्या सुमाराचा. गोव्याच्या उकाड्यात तो शेकडा ८ च्या घरात जातो. म्हणून आपल्याकडे व्हिस्की लवकर मुरते, पण बारा वर्षे ठेवीन म्हटल्यास पिंपात पुष्कळच कमी उरते. पन्नाशी ओलांडलेल्या मनुष्याने हा हिशेब फार वेळ करीत बसू नये.

आमचे हे पांडित्य चालू असता, घराची राखण करणारे दादा दिवे घेऊन ओटीवर आले. ते याच भागातले, जातीने ठाकूर, वयाने आमच्याएवढेच. स्नेह्यांनी सहज सातूचा पेला त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाले, “दादा, वास घेऊन सांगा, कशासारखा वाटतो?”

दादांनी पेला दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ वास घेतला. मग म्हणाले, “मोहाचा हाय. फूल वाळून गोड झालं का असाच येतो. पण ह्यात धूर नाय.” आणि पेला जसाच्या तसा खाली ठेवून, आम्ही काही विचारण्याआधीच त्यांनी पुढचे वाक्य उच्चारले, “मी घेत नाय सर. थोरला भाऊ दारूनं गेला. बापाच्या वेळची मोहाची होती, भावाच्या वेळची नवसागराची.”

एवढे सांगून ते दिवे लावावयास गेले.

त्या दोन वाक्यांत दीडशे वर्षांचा इतिहास होता, आणि तो आम्ही पुस्तकात वाचलेला होता. १८७८ च्या मुंबई इलाख्याच्या अबकारी कायद्याने गावोगावची गाळणी सरकारने आपल्या मुठीत घेतली. एवढ्याने भागेना म्हणून १८९२ साली खास मोहाच्या फुलांचाच कायदा करून ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत ती फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध घातले. त्याच मोहाची दारू उरणच्या मोठ्या भट्ट्यांत गाळून परवान्याच्या दुकानांतून विकण्यास मात्र हरकत नव्हती, कारण तिच्यावर कर मिळे. ज्या फुलांवर रानातील माणूस टंचाईत पोटही भरीत असे, ती त्याच्याच अंगणात गुन्हा ठरली. चोरून केलेली वस्तू घाईने करावी लागते, आणि घाईत नवसागर येतो. आमच्या परवान्यावर मात्र ‘प्रकृतीच्या रक्षणासाठी’ असे छापलेले असते.

तथापि आम्ही त्या रात्री अंथरुणावर पडून जागे राहिलो ते या अन्यायामुळे, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आम्हांस जागे ठेविले ते दादांच्या एका सरळ वाक्याने. थोरला भाऊ दारूने गेला. आमच्या घरात हे वाक्य कधीच उच्चारले गेले नाही. आमचे मामा एका कचेरीत हेडक्लार्क होते. पत्ते खेळताना मुद्दाम हरत, आणि आम्हांस इंग्रजी कवितेची गोडी प्रथम त्यांनीच लाविली. ते महिना महिना दिसत नसत तेव्हा आजी म्हणे, “त्याची प्रकृती ठीक नाही.” १९८५ साली ते गेले, तेव्हाही प्रकृतीनेच गेले. आईने शेवटपर्यंत दुसरा शब्द वापरला नाही. त्यांना कोणी रागावले नाही, कोणी दवाखान्यात नेले नाही, कोणी त्यांच्याशेजारी बसून विचारले नाही. कारण विचारावयाचे तर त्या गोष्टीला नाव द्यावे लागले असते. बाहेरच्यांच्या दारूला आमच्या घरात एक शब्द होता. घरातल्या दारूला तोही नव्हता.

दोन पेले शेजारी ठेवून चव घेण्यात मनुष्याला थांबावे लागते, भेद करावा लागतो, आणि भेद करावयास शब्द लागतात. सुंठ वेगळी, मिरे वेगळे. एक घोट वेगळा, दहावा वेगळा. हौस वेगळी आणि आजार वेगळा. या शब्दांनी मामा वाचले असते, असे आम्ही म्हणत नाही. पेल्याविषयी रसिकतेने बोलणारा मनुष्य बुडत नाही, असेही नाही. असे बुडालेले रसिक आम्ही पाहिले आहेत. परंतु ज्याला नाव नाही त्यावर इलाज करता येत नाही, एवढे खरे.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी जेवताना चिरंजीवांनी विचारले, “मग, कोणती चांगली?” ते यंदा पंचविशीत आले, म्हणजे कायद्याने व्हिस्कीचा परवाना घेण्याजोगे झाले. आम्ही म्हणालो, “सातूची. पण थोडी, आणि पाणी घालून.” मग थोडा वेळ थांबून आम्ही म्हणालो, “तुझ्या आजीचे एक धाकटे भाऊ होते. ते दारूने गेले. त्यांच्याविषयी तुला कोणी काही सांगितलेले नाही.”

सौ.नी वाढता वाढता हात थांबविला, आणि मग पळी खाली ठेवून त्याही बसल्या. त्या दिवशी जेवण फार लांबले.