गोल एक, गोलरक्षक दोन

यंदा परतीचा पाऊस उघडला आणि आमच्या कोगनोळीत एका वादाला तोंड फुटले. वाद उसाच्या दराचा नव्हता, की सीमेचाही नव्हता. त्या दोन्ही वादांची आम्हां सीमेवरच्या लोकांना इतकी सवय झाली आहे की त्यांवाचून आम्हांला चहा गोड लागत नाही. हा वाद निराळाच होता. दूध घालायला डेअरीवर जावे, तर रांगेतला पुढचा माणूस मागे वळून विचारी, रविवारी मिस्सा आटोपून परत यावे, तर वाटेवरच्या कट्ट्यावरून हाक येई, "गुरुजी, यंदा गोलात कोण उभारणार?"

दूरच्या वाचकांना नवल वाटेल की कुस्तीच्या आणि कबड्डीच्या या मुलखात फुटबॉलचे एवढे वेड कोठून आले? आमचे गाव कर्नाटकात, निपाणीच्या बाजूचे. परंतु हमरस्त्याने दूधगंगा ओलांडली की कागल लागते, आणि कागलच्या पुढे कोल्हापूर. त्या शहरात फुटबॉलचे संघ तालमींतून निघाले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावे ऐकून परक्या माणसाला वाटावे की येथे मल्ल घुमत असतील. पण हिवाळ्यात शाहू स्टेडियमवर सामने सुरू झाले की याच नावांनी सारे शहर दुभंगते. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तेव्हापासून आमच्या गावातील प्रत्येक आईला वाटू लागले आहे, की आपल्या पोराच्या पायांतही काहीतरी आहे, फक्त बूट तेवढे चांगले हवेत!

आता यंदाच्या संघाची स्थिती सांगतो. पुढची फळी चांगली आहे. डाव्या बगलेवरचा मुलगा वाऱ्यासारखा पळतो. मात्र शेवटी चेंडू कोणाला द्यावा हे त्याला पळून झाल्यावर सुचते. मधली फळी कष्टाळू आहे. खरी चिंता बचावाची. गेल्या वर्षीचा एक भक्कम बचावपटू बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाला, आणि दुसऱ्याला कागलच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. दोन्ही घरांत आनंद झाला. परंतु संघाला खिंडार पडले. त्या जागी दोन कोवळी मुले आली आहेत. नाताळानंतर आसपासच्या गावांशी सामने आहेत, आणि ही मुले घाबरली तर सारा भार गोलरक्षकावर येणार, हे उघड होते.

आणि गोलरक्षक दोन! संघात अकरा जागा असतात. त्यांतल्या दहांवर थोडेफार इकडेतिकडे करता येते. डाव्याला उजवीकडे पाठवावे, थकलेल्याला अर्ध्यावर बसवावे. परंतु त्या ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच चौकटीत उभा राहणारा एकच. दुसरा कितीही चांगला असला तरी त्याने रेषेबाहेर बसायचे. क्वचित एखादी दुखापत झाली, तरच त्याला बोलावणे येणार.

या दोघांपैकी एक आमचा सख्खा भाचा. आम्ही तरुणपणी शाळेच्या संघात गोल सांभाळला होता. त्यामुळे तो सात वर्षांचा असल्यापासून त्याला चेंडू कसा छातीशी घ्यावा, कोपर कसे आत ठेवावे, हे आम्हीच शिकविले. त्याचे हात उत्तम. जवळून मारलेला चेंडू तो असा उचलतो की जणू झाडावरचा पेरू काढला. दुसरा मुलगा आपल्या ख्रिस्ती मंडळींतला नव्हे. त्याचे वडील ऊसतोडणीच्या हंगामात बैलगाडी हाकतात, आणि अनेकदा तोही पहाटे फडावर जाऊन मग मैदानावर येतो. एरवी चार शब्द विचारले तर दोन शब्द बोलणारा. पण गोलात उभा राहिला की त्याचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो. कधी मराठीत, कधी कानडीत तो पुढच्या मुलांना सांगत असतो, डावीकडे सरक, मागे माणूस आहे, चेंडू सोड.

निवड करण्यासाठी गावाने तिघे नेमले. एक सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार, दुसरे एक जुने खेळाडू, आणि तिसरे आम्ही. भाचा उमेदवार असता आम्ही ते काम नाकारावयास हवे होते. पण "आपण शिक्षक, आयुष्यभर कागद तपासले, आपल्या हातून पक्षपात कसा होईल?" असे आम्ही आमच्याच मनाला सांगितले. अहंकार किती सभ्य कपडे घालून येतो पाहा!

दिवाळीपूर्वीच्या एका रविवारी दोघांची परीक्षा घेतली. सकाळी पावसाची सर येऊन गेली होती, मैदान निसरडे होते. प्रत्येकाला अर्धा अर्धा तास दिला, आणि आम्ही शाळेच्या वहीत दोन रकाने आखून नोंदी केल्या. खेळ संपल्यावर तिघेही कडुलिंबाखाली बसलो, आणि हवालदारांनी वही मोठ्याने वाचावयास घेतली. आमच्या भाच्याच्या हातून एक उंच चेंडू निसटला होता. त्यापुढे आम्ही लिहिले होते, "चेंडू ओला होता." पान उलटले. दुसऱ्याच्या हातूनही तसाच एक चेंडू निसटला होता. त्यापुढे आम्ही लिहिले होते, "हात ढिले."

हवालदार थांबले. त्यांनी आमच्याकडे पाहिले, आणि रागाने नव्हे, अगदी सहज विचारले, "गुरुजी, दोन्ही बॉल एकाच पावसात भिजले हुते न्हवं?"

वाचकहो, आम्ही तीस वर्षे मुलांना शिकविले. इतक्या थोड्या शब्दांत आमची परीक्षा कोणी घेतली नव्हती. आम्ही मान खाली घातली, वही मिटली, आणि त्यांना म्हणालो, "आता तुम्ही दोघे बोला, आम्ही ऐकतो."

त्या दोघांनी जे सांगितले ते न्यायाचे होते. भाच्याचे हात अधिक चांगले, हे त्यांनी मान्य केले. परंतु यंदा बचावाला नवी मुले आहेत; त्यांना हातांपेक्षा आवाजाची गरज आहे. गोलरक्षक हाच मैदानावरचा असा एक खेळाडू की ज्याला सारा खेळ समोर दिसतो. त्याने पाहावे आणि सांगावे. गेल्या वर्षीच्या बचावापुढे आमचा भाचा शोभला असता. यंदा दुसराच हवा. आम्ही संमती दिली.

घरी आलो तो बहीण दारातच उभी. गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. "दादा, परक्याचं पोरगं दिसलं, आनि सख्खा भाचा दिसला न्हाई व्हय?" एवढे बोलून ती आत गेली. त्या रात्री जपमाळेच्या वेळी सारे घर गप्प होते. वहीतल्या त्या दोन ओळींची गोष्ट आम्ही तिला सांगितली नाही. सांगावयास धीर झाला नाही, हे खरे.

भाचा तीन दिवस मैदानावर फिरकला नाही. चौथ्या दिवशी आम्ही त्याला घेऊन ओढ्याकडे फिरावयास गेलो आणि शिक्षकाच्या सवयीने गोष्टी सांगू लागलो. पोप संत जॉन पॉल दुसरे लहानपणी पोलंडमधील आपल्या वादोवित्से गावी गोलरक्षक म्हणून उभे राहत, हे सांगितले. १९६२ सालच्या जकार्ताच्या आशियाई खेळांची गोष्ट सांगितली. आधीच्या सामन्यांत प्रद्योत बर्मन यांनी गोल सांभाळला होता. परंतु ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात प्रशिक्षक रहीमसाहेबांनी आजारातून उठलेल्या पीटर थंगराज यांना उभे केले, आणि भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळविले. मग प्रभसुखन गिल यांची गोष्ट सांगितली. २०१७ च्या विश्वचषकात आपल्या मुलांचे तीन सामने झाले. तिन्ही वेळा धीरज सिंग गोलात, आणि गिल बाहेर बसलेले. पुढे २०२१-२२ च्या इंडियन सुपर लीगमध्ये केरळ ब्लास्टर्सच्या गोलात त्यांना स्थान मिळाले, आणि त्या हंगामातील उत्कृष्ट गोलरक्षकाचे बक्षीस त्यांनीच मिळविले. "पाहिलेस? वाट पाहणाऱ्याला देव विसरत नाही," असा आम्ही समारोप केला.

भाचा हे सारे शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, गिलचं मला ठाऊक आहे. आल्बिनो गोम्सला दुखापत झाली, म्हणून त्याला जागा मिळाली. आता मी रोज तिथं बसून काय करू? त्याचा पाय मोडायची वाट बघू?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. मुलाने नेमके तेच बोट ठेवले होते, जेथे आमच्या साऱ्या बोधकथा लंगड्या पडत होत्या. दुसऱ्या क्रमांकावर बसलेल्या माणसाचा मोह हाच असतो. त्याचे भले व्हावयास पहिल्याचे वाईट व्हावे लागते. निदान तसे त्याला दिसते. आणि हे केवळ खेळात थोडेच घडते? शेताच्या वाटणीत धाकटा भाऊ, कचेरीत बढतीची वाट पाहणारा कारकून, घरात मोठ्या जावेच्या हाताखालची धाकटी जाऊ, या सर्वांच्या मनात हा प्रश्न कधी ना कधी डोकावून जातो. पापनिवेदनात तो क्वचितच उच्चारला जातो, कारण त्यात कृती काहीच नसते; असते ती केवळ एक वाट पाहणे.

त्या रात्री आम्ही प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय उघडला. यहूदाची जागा रिकामी झाली होती. सुमारे १२० जण जमले होते. योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंत जे सोबत राहिले, अशांतून दोन नावे पुढे आली. एक योसेफ, ज्याला बर्सबा म्हणत आणि युस्तही म्हणत, दुसरा मत्थिया. प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकल्या, चिठ्ठी मत्थियाच्या नावाने निघाली. संत मत्थियाचा सण आपण १४ मे रोजी पाळतो. परंतु त्या दुसऱ्याचे काय? पात्रतेत तो उणा नव्हता. तसे असते तर त्याचे नाव पुढे आलेच नसते. तो रागावून निघून गेला असे लिहिलेले नाही. मत्थियाचे वाईट व्हावे अशी त्याने इच्छा धरली, असेही नाही. शास्त्रलेख त्याच्याविषयी पुढे काहीच सांगत नाही. आम्ही हा अध्याय कितीतरी वेळा वाचला होता, पण त्या माणसापाशी आमचे मन त्या रात्री प्रथमच थांबले.

सकाळी आम्ही भाच्याला ही गोष्ट सांगितली, आणि या वेळी समारोप केला नाही. त्याऐवजी वहीतल्या त्या दोन ओळी त्याला आणि त्याच्या आईला दाखविल्या. बहिणीने त्या दोनदा वाचल्या. ती काही बोलली नाही. पण त्या दिवशी आमच्या चहात साखर नेहमीइतकी होती.

सायंकाळी भाचा मैदानावर आला. त्याने दुसऱ्याला मिठी मारली वगैरे काही घडले नाही. तसे आमच्याकडे घडत नाही. त्याने चेंडूंची जाळी सोडली आणि बारा पावलांवरून तो एकामागून एक चेंडू मारू लागला. पहिले काही फटके जरा रागाचेच होते. अर्ध्या तासाने दुसऱ्याचे हात लाल झाले. त्याच्याजवळ हातमोजे नव्हते. इतके दिवस ते आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नव्हते! भाच्याने आपले हातमोजे काढले. ते आम्हीच त्याला कोल्हापुराहून आणून दिले होते. तो म्हणाला, "हे घाल. पन खेळ संपला की परत दे. माझं हाईत."

आता ही जोडी रोज सायंकाळी हात बदलते. हातमोज्यांच्या दुसऱ्या जोडीसाठी गावात वर्गणी निघाली आहे. पण गावची वर्गणी म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा हिशेब. तोवर हेच चालेल.

यंदा आमचा संघ जिंकेल काय? पुढची फळी चांगली आहे, बचाव कच्चा आहे, मधल्या फळीतला एक जण ऊसतोड ऐन भरात आली की रविवारी मोकळा होईल की नाही, याची शंका आहे. पैजा लावणाऱ्यांना आम्ही सल्ला देणार नाही. परंतु गोलाची काळजी आम्हांला उरलेली नाही. गोलात एक जण उभा आहे, रेषेबाहेर दुसरा बसला आहे, आणि पहिला घसरून पडला की दुसरा सर्वांआधी उठून उभा राहतो. तो कशासाठी उठतो, हे आम्ही त्याला विचारलेले नाही. गेल्या रविवारी तसे घडले तेव्हा त्याच्या तोंडून शब्द आला तो एवढाच, "लागलं काय रं?"